आंबोलीचा टोड आंबोलीतच का, आणि अंगणातला टोड सगळीकडे कसा?

सडावेडा

महाराष्ट्रात भेटणाऱ्या दोन टोडविषयी (टोड हा बेडकाचाच एक प्रकार) एक प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

पहिला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे: खडबडीत पाठीचा, पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपत बसणारा. त्याचे शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. पाकिस्तानापासून दक्षिण चीन आणि इंडोनेशियापर्यंत तो सापडतो. दुसरा झँथोफ्रायने टायग्रिना, म्हणजे आंबोलीचा टोड. तो जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या कुशीवर पिवळ्या रंगात गडद पट्टे असतात. त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याची ओळख आजही सिंधुदुर्गातल्या आंबोली परिसरापुरतीच आहे.

दोघेही एकाच कुळातले आहेत, दोघेही किडे-मुंग्या खातात आणि दोघांनाही अंडी घालण्यासाठी पाणी लागते. असे असताना एकाचे आढळक्षेत्र खंडाएवढे आणि दुसऱ्याचे एखाद्या तालुक्याहूनही लहान, हे कशामुळे? ‘आंबोलीच्या टोडला जांभ्याचा सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार) लागतो’ हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे, पण ते मला पुरेसे वाटत नाही. जांभ्याचे सडे रत्नागिरीत आहेत, कासला आहेत, पन्हाळ्याजवळ मसाईला आहेत आणि चोर्ल्यालाही आहेत. मग एखाद्या प्रजातीचा विस्तार किती असावा, हे नेमके ठरवते कोण?

मृगाचा_पाऊस

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना दुसरीकडे घर शोधण्याची गरज त्याला वाटली नसावी. अलीकडची शनिवार-रविवारची गर्दी पाहता मात्र त्याने या निर्णयाचा फेरविचार करायला हरकत नाही.

भूचर

प्रश्न मोलाचा आहे आणि योगायोग असा की, टोडच्याच बाबतीत त्याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. इनेस व्हान बॉक्सलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आंबोलीच्या टोडचे वर्णन करणाऱ्या चमूतले काही जण त्यातही होते. टोडचे कूळ दक्षिण अमेरिकेत उगम पावून जवळपास सगळ्या जगभर कसे पसरले, हा त्यांचा विषय होता.

त्यांनी जगभरातल्या टोडच्या आढळक्षेत्रांचा आकार आणि त्यांची शरीररचना व सवयी यांची सांगड घालून पाहिली. ज्या प्रजाती दूरवर पसरलेल्या आहेत त्यांच्यात काही गुण पुन्हापुन्हा एकत्र दिसतात. शरीर मोठे असते, त्यामुळे वजनाच्या मानाने कातडीतून पाणी कमी उडते. डोळ्यांमागे विषग्रंथींचे ठळक उंचवटे असतात. जांघेजवळ चरबीचा साठा असतो. प्रौढ टोड पाण्यापासून लांब राहू शकतो. मादी एका वेळी हजारोंनी अंडी घालते आणि ती कुठे घालायची याबाबत चोखंदळ नसते. अंड्यातून बाहेर पडलेली डिंबके स्वतःचे अन्न स्वतः मिळवतात, त्यामुळे आईला अंड्यात फारसा बलक भरावा लागत नाही.

आता आपल्या दोन टोडना ही यादी लावून पाहा. अंगणातला टोड जवळजवळ प्रत्येक कलमात उत्तीर्ण होतो. आंबोलीचा टोड मात्र लहान आहे, पावसाळ्याच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांतच अंडी घालतो आणि तीही थोडीच घालतो. सडावेडा, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे, असे मला वाटते. ‘निम्मे’ म्हणण्याचे कारण असे की, हे गुण पसरण्याची क्षमता सांगतात. प्रत्यक्षात कोण कुठे पोहोचला हे सांगत नाहीत.

अंगणवाली

भूचर यांनी ‘चोखंदळ नसते’ असे जे लिहिले आहे, त्याचा पुरावा आमच्या शेजारी चालू असलेल्या बांधकामावर मिळाला. पाणी मारण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या हौदात पहिल्या मोठ्या पावसानंतर टोडच्या अंड्यांच्या माळा आढळल्या. पारदर्शक चिकट दोरीत काळ्या मण्यांसारखी अंडी ओळीने बसलेली होती, शेजारी तशीच दुसरी दोरी होती, आणि दोन्ही हौदात पडलेल्या सुतळीभोवती गुंडाळलेल्या होत्या. हौदात ना शेवाळ होते ना एखादी पाणवनस्पती. तळाला सिमेंटचा राडा तेवढा होता. तरीही काही दिवसांत काळीभोर डिंबके हौदाच्या भिंतीला तोंडे लावून चरताना दिसू लागली. मुकादमाने हौद उपसायचे ठरवले तेव्हा आम्ही ती बादल्यांनी जवळच्या खाणीतल्या पाण्यात नेऊन सोडली.

ज्याला असला हौदही चालतो, त्याला जकार्ता काय आणि जळगाव काय, दोन्ही सारखेच असणार.

पाषाणभेद

भूचर यांचा मुद्दा मान्य करूनही मला भूगोलाची बाजू मांडायची आहे. सडावेडा यांनी सड्यांची जी यादी दिली, ती नकाशावर सलग वाटते. टोडसाठी ती सलग नाही. जांभ्याचा सडा म्हणजे सभोवतालच्या प्रदेशापासून वेगळे पडलेले बेट असते. वर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात सगळीकडे पाणी आणि जानेवारीनंतर तापलेला उघडा दगड. दोन सड्यांच्या मध्ये खोल दऱ्या, नद्या, दाट जंगल आणि आता शेती, वस्ती व रस्ते आहेत. तीन सेंटीमीटरच्या प्राण्याने ते अंतर कोणत्या ऋतूत आणि कसे पार करावे?

शिवाय ‘सडा’ या एका नावाखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो. रत्नागिरीचे सडे समुद्राच्या जवळ आणि कमी उंचीवर आहेत, तर आंबोली सुमारे सातशे मीटरवर आहे. कास त्याहूनही बरेच उंच आहे. धुके किती दिवस टिकते, पहिल्या पावसानंतर डबके किती दिवस भरलेले राहते आणि दोन सरींच्या मध्ये ते आटते का, या गोष्टी प्रत्येक ठिकाणी निराळ्या आहेत. डबक्यात अंडी घालणाऱ्यासाठी वर्षाचा एकूण पाऊस फारसा महत्त्वाचा नाही. जूनमध्ये सलग किती दिवस पाणी राहते यावर त्याचा वंश अवलंबून असतो.

पश्चिम घाटाच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडा काळ लांबत जातो: केरळच्या दक्षिण टोकाला दोन-तीन महिने, तर घाटाच्या उत्तर टोकाला सात-आठ महिने. सदाहरित जंगलावर अवलंबून असलेल्या कित्येक प्रजाती उत्तरेकडे येता येता एकेक करून थांबतात, त्यामागे हा लांबणारा उन्हाळा मोठे कारण मानला जातो. सिंहपुच्छ वानराची उत्तर सीमा आज कर्नाटकातल्या शिरसी-होन्नावरच्या जंगलात आहे. आंबोलीच्या जंगलातही पाऊस मुबलक पडतो, पण वर्षभर एकामागून एक फळ देणारी झाडे त्या प्रमाणात नाहीत.

सह्यकडा

पाषाणभेद यांच्या ‘बेटां’ना एक जोड देतो. आंबोलीच्या टोडचा एक सख्खा नातलग आहे: कोयनेचा टोड. त्याचे वर्णन १९६३ सालीच झाले होते. २००९ साली दोघांना मिळून झँथोफ्रायने हे स्वतंत्र नाव मिळाले. कोयना आणि आंबोली यांच्यात सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर अंतर आहे. दोघांचा पूर्वज एकच होता, याचा अर्थ कधी काळी या वंशाचे आढळक्षेत्र आजच्यापेक्षा मोठे किंवा किमान सलग असणार. मधला भाग तुटला आणि दोन्ही टोकांना दोन प्रजाती उरल्या, असे मानायला जागा आहे.

म्हणजे ‘आंबोलीचा टोड बाहेर का गेला नाही’ हा प्रश्नच कदाचित उलटा मांडायला हवा. तो बाहेर गेला नाही असे नसून, बाहेरचे नाहीसे झाले असतील.

घाटात असे तुकडे पाडणाऱ्या जागा ठाऊक आहेत. पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे. तिच्या दोन बाजूंना डोंगरमाथ्यावरच्या शोला जंगलात राहणारे निळे रॉबिन पक्षी दोन वेगळ्या प्रजातींचे आहेत. पंख असूनही त्यांना ती खिंड ओलांडणे जमत नाही, कारण खालच्या कोरड्या, उष्ण हवेत ते उतरतच नाहीत. डॅनियल जान्झेन यांनी १९६७ साली मांडलेला विचार इथे लागू पडतो. उष्ण कटिबंधात एखाद्या उंचीवर वर्षभर तापमान फारसे बदलत नाही, म्हणून तिथल्या प्राण्यांना ठरावीक तापमानाचीच सवय होते आणि तेवढ्याच उंचीची खिंड त्यांना समशीतोष्ण प्रदेशातल्या प्राण्यांपेक्षा जास्त अवघड ठरते. हिवाळा-उन्हाळा दोन्ही सोसणाऱ्याला खिंडीतला बदल जाणवतही नाही.

शंकासुर

माझी नेहमीची तक्रार. आढळक्षेत्र टोड ठरवत नाही, वर्गीकरणतज्ज्ञ ठरवतात. कोयना आणि आंबोलीच्या टोडना एकच प्रजाती मानले असते, तर तिचे क्षेत्र एका फटक्यात कित्येक पटींनी वाढले असते आणि हा धागा निघालाच नसता.

दुसऱ्या बाजूला, ज्याचे आपण एवढे कौतुक करत आहोत तो अंगणातला टोड खरोखर एकच आहे का? जनुकीय अभ्यासांत त्याचे भारतीय उपखंडातले, आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवरचे आणि बेटांवरचे समूह एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले आहेत. उद्या कोणी त्याचे दोन-तीन तुकडे केले, तर ‘खंडभर पसरलेली प्रजाती’ कागदावरून नाहीशी होईल. हौदातल्या डिंबकांना मात्र त्याचे काहीच वाटणार नाही. पश्चिम घाटातल्या झाडबेडकांचे गेल्या दोन दशकांत असेच झाले. एके काळी दूरवर पसरलेली वाटणारी नावे फुटून लहानलहान डोंगरांपुरत्या प्रजाती झाल्या.

भूचर

@शंकासुर, तक्रार रास्त आहे, पण तिला मर्यादा आहे. अंगणातल्या टोडचे तीन तुकडे केले तरी त्यातला प्रत्येक तुकडा आंबोलीच्या टोडच्या क्षेत्राहून हजारो पटींनी मोठाच राहील. तफावतीचा आकडा बदलेल, तफावत जाणार नाही. आणि स्पष्टीकरण तफावतीचे हवे आहे.

किनारपट्टी

सगळे प्रतिसाद आतापर्यंत हवामान, अंतर आणि शरीर यांभोवती फिरत आहेत. शेजाऱ्यांचा कोणी विचारच केलेला नाही.

या विषयातला माझा आवडता प्रयोग टोडवरचा नाही, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बार्नॅकलवरचा आहे. कठीण कवचाचे हे जीव आपल्या खडकाळ किनाऱ्यांवरही, जेटीच्या खांबांवरही चिकटलेले असतात आणि अनवाणी चालणाऱ्याचे तळपाय कापतात. जोसेफ कॉनेल यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दोन प्रजाती होत्या. एक खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहत होती आणि दुसरी खालच्या. दोघींची पिल्ले मात्र दोन्ही पट्ट्यांत येऊन बसत होती. कॉनेल यांनी काही दगडांवरून खालच्या प्रजातीचे प्राणी काढून टाकले, तेव्हा वरची प्रजाती खालीही उत्तम वाढली. म्हणजे खालचे पाणी तिला मानवत होते. तिथे जोमाने वाढणारी शेजारीण तिला खालून उचकटत होती, वरून झाकत होती. उलट खालच्या प्रजातीला वर जाता येत नव्हते ते उन्हामुळे. ओहोटीच्या वेळी ती वाळून मरत होती.

एकाच खडकावर, हातभर अंतरात, एका प्रजातीची सीमा हवामानाने आखली होती आणि दुसरीची स्पर्धेने. सोसण्याची कडा बहुतेकदा खडतर बाजूला असते आणि स्पर्धेची कडा सुखाच्या बाजूला असते. आता मला असे विचारायचे आहे की, आंबोलीचा टोड सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी का घालतो? मोठ्या, टिकाऊ पाण्यात मासे, खेकडे, इतर बेडकांची मोठी डिंबके आणि चतुरांची अळी असते. उथळ डबके आटण्याचा धोका पत्करून तो या सगळ्यांपासून सुटका मिळवत असेल, तर त्याची सीमा दगडाने जितकी आखली आहे तितकीच खाणाऱ्यांनीही आखलेली असणार.

गोंधळेकर

टोडच्या धाग्यावरून आपण समुद्रात उतरलो आहोत. घाटाचा पुढचा टप्पा कोकण असल्यामुळे हे नैसर्गिक मानावे.

डार्विनकर

किनारपट्टी यांचे शेजाऱ्यांविषयीचे म्हणणे मी उलट्या बाजूने पाहतो आहे, कारण गेली काही वर्षे मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला राहतो. इथल्या केन टोडची हकिगत या चर्चेत यायलाच हवी. उसावरचे भुंगे खातील या आशेने १९३५ साली हवाईतून सुमारे शंभर केन टोड क्वीन्सलंडमध्ये आणले गेले. भुंग्यांचे त्यांनी काहीही वाकडे केले नाही. स्वतः मात्र पसरत पसरत ते २००१ च्या सुमारास काकाडू राष्ट्रीय उद्यानात आणि त्यानंतर काही वर्षांत डार्विन शहरात पोहोचले. ऑस्ट्रेलियात मुळात टोडचे कूळच नव्हते, त्यामुळे त्यांचे विष पचवण्याची सवय इथल्या भक्षकांना नव्हती. क्वोल नावाचे मांजराएवढे शिशुधानी प्राणी टोडला तोंड लावून मोठ्या संख्येने मेले.

यातला सर्वांत विलक्षण भाग पुढे आहे. आघाडीवरचे टोड मागच्या टोडपेक्षा लांब पायांचे असतात, असे २००६ साली संशोधकांनी दाखवले. कारण साधे आहे. जो सर्वांत वेगाने चालतो तोच आघाडीला पोहोचतो, तिथे त्याला जोडीदारही तसाच वेगवान मिळतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वेग वाढत जातो. सुरुवातीला वर्षाला दहा किलोमीटरच्या आसपास सरकणारी आघाडी पुढे पन्नास किलोमीटरपर्यंत गेली. म्हणजे भूचर यांनी दिलेली गुणांची यादी स्थिर नसते. पसरण्याची क्रिया सुरू झाली की ती स्वतःच त्या गुणांना धार लावते.

आपल्या अंगणातल्या टोडनेही हा खेळ सुरू केलेला आहे. मादागास्करमधल्या तोआमासिना बंदराजवळ तो २०१४ साली नोंदला गेला; बहुधा मालाच्या कंटेनरमधून आग्नेय आशियातून आला असावा. मादागास्करमध्येही मूळचा एकही टोड नाही आणि तिथल्या बहुसंख्य भक्षकांना त्याचे विष सोसणार नाही, अशी भीती आहे. सुलावेसी आणि तिमोर इथे तो त्याआधीच माणसाबरोबर गेला आहे. निसर्गअभ्यासक वॉलेस यांना बाली आणि लोंबोक या बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर इतके वेगळे पक्षी दिसले की त्यांनी तिथून एक सीमारेषा कल्पिली. ती रेषा टोडने जहाजात बसून ओलांडली.

पाषाणभेद

@डार्विनकर, यातून माझ्या म्हणण्याला दुजोराच मिळतो. हवामान मादागास्करमध्ये आधीपासून अनुकूल होते, अन्नही होते. मधला समुद्र तेवढा अडसर होता. अडसर गेला, टोड गेला.

डार्विनकर

मान्य, पण कंटेनरमध्ये तग धरून उतरण्याची पात्रता कोणाची, हेही पाहा. आंबोलीचा टोड कंटेनरमध्ये शिरला असता तर बंदराला पोहोचण्यापूर्वीच वाळून गेला असता. शिवाय तो बंदरावर राहतच नाही, तेव्हा शिरणार कुठून? माणसाच्या वस्तीजवळ राहण्याची सवय हे आजच्या काळातले पसरण्याचे सर्वांत मोठे साधन आहे. आपला गावकावळाही जहाजांवर बसून १९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर पोहोचला होता. डोमकावळ्याने असा प्रवास केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुणेरी_पाटी

मग गाजरगवताला आपण पारपत्राविना आलेला पाहुणाच म्हणायला हवे. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आले आणि पाहुण्याने अद्याप जाण्याचे नाव काढलेले नाही.

शिवनेरीची_माती

टोडपेक्षा वनस्पतींच्या बाबतीत हवामानाचा मुद्दा तपासणे सोपे असते, कारण त्या कुंडीत लावून पाहता येतात. म्हणून शिंदळ माकुडीचे उदाहरण देते.

रुईच्या कुळातली ही मांसल खोडाची वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कुठेही नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी कड्यांच्या कपारीत ती लोंबकळत असते. पावसाळ्यात खोडाला हिरवीगार पाने येतात, उन्हाळ्यात ती गळून जातात आणि बोटाएवढी जाड खोडे तेवढी उरतात. फूल चांदणीच्या आकाराचे, किरमिजी रंगाचे आणि पिवळ्या ठिपक्यांचे असते. त्यावर माश्या येतात. शेंग फुटली की रुईसारखेच रेशमी झुपके असलेले बी वाऱ्यावर उडते.

आता इथल्या प्रत्येक स्पष्टीकरणाची परीक्षा घ्या. हवामान म्हणावे, तर युरोप-अमेरिकेतले निवडुंगप्रेमी ही वनस्पती कुंडीत सहज वाढवतात आणि खोडाच्या तुकड्यापासूनही ती लागते. पसरण्याची साधने म्हणावीत, तर तिचे बी वाऱ्यावर उडते आणि सह्याद्रीत वाऱ्याला तोटा नाही. बेसॉल्टचा कडा म्हणावा, तर अख्खा सह्याद्री कड्यांचाच आहे. तरीही ती मूठभर जागांपुरती आहे. मला वाटते, बी उडणे आणि बी रुजणे यांच्यात आपण गल्लत करतो. वाऱ्यावरचे बी पडेल तिथे पडते. चिमूटभर माती असलेली, गुरे व वणवा न पोहोचणारी आणि सावली-उन्हाचे नेमके प्रमाण असलेली कपार त्याला सापडण्याचा योग फार क्वचित येतो. कुंडीत आपण तो योग हाताने जुळवून आणतो आणि ‘हिला सगळे चालते’ असा निष्कर्ष काढतो.

सह्यकडा

शिवनेरीची_माती यांनी फार मोलाचे लिहिले आहे. भर एवढीच घालतो की, सोप्या जागांवरची रोपे चरून, जळून, उपटून गेली असतील आणि फक्त कड्यांवरची उरली असतील, हीही शक्यता आहे. तसे असेल तर आज आपल्याला दिसणारी कपार तिची आवड नसून शेवटचा आसरा आहे. आशियाई सिंह एके काळी तुर्कस्तानापासून पूर्व भारतापर्यंत होता. आज जंगली अवस्थेत तो फक्त सौराष्ट्रात आहे. आजचा नकाशा पाहून कोणी ‘सिंहाला गीरसारखेच काटेरी जंगल लागते’ असे म्हटले, तर आपण हसू. वनस्पतींच्या बाबतीत मात्र तसेच विधान आपण सहज करून टाकतो.

गणिती

काळाचा विचारही यायला हवा. श्रीलंकेत पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात बरीच वर्षे काम केलेल्या जे. सी. विलिस यांनी १९२० च्या सुमारास असा सिद्धांत मांडला की, प्रजाती जितकी जुनी तितके तिचे क्षेत्र मोठे. लहान क्षेत्राची प्रजाती म्हणजे नुकतीच जन्मलेली प्रजाती. सिद्धांत सुटसुटीत होता, म्हणूनच तो टिकला नाही. लहान क्षेत्र नव्या प्रजातीचेही असते आणि अस्ताला चाललेल्या जुन्या प्रजातीचेही असते, आणि निव्वळ नकाशा पाहून या दोघींत फरक करता येत नाही.

त्यापेक्षा टिकलेले निरीक्षण जीवाश्मांतून आले. डेव्हिड जब्लॉन्स्की यांनी क्रेटेशियस काळाच्या अखेरच्या सागरी मृदुकाय प्राण्यांचा (शिंपले, गोगलगायी) अभ्यास केला. ज्यांच्या अळ्या पाण्याबरोबर दीर्घकाळ वाहत जात, त्या प्रजातींची क्षेत्रे मोठी होती आणि त्या भूस्तरांत जास्त काळ टिकल्या. म्हणजे मोठे क्षेत्र हे दीर्घायुष्याचे फळ असते तसेच कारणही असते. एका सड्यावर दरड कोसळली, खाण सुरू झाली किंवा सलग दोन-तीन वर्षे जूनचा पाऊस चुकला, तर आंबोलीच्या टोडला दुसरीकडून कुमक येणार नाही. अंगणातल्या टोडला असे अपघात रोज होतात आणि त्याच्या प्रजातीला त्यांचा पत्ताही लागत नाही.

घाटपायथा

एवढी चर्चा करण्यापेक्षा आंबोलीचे काही टोड दुसऱ्या एखाद्या सड्यावर सोडून पाहायला काय हरकत आहे? जगले तर अंतर हे कारण, मेले तर हवामान हे कारण.

भूचर

@घाटपायथा, कृपया असे कोणी करू नये. तर्क म्हणून तुमची सूचना योग्य आहे आणि फुलपाखरांच्या बाबतीत असे प्रयोग इतरत्र झालेलेही आहेत. परंतु उभयचरांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीची नोंद पश्चिम घाटात झालेली आहे आणि एका ठिकाणचा प्राणी दुसरीकडे नेताना आपण त्याच्याबरोबर काय नेतो, हे डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या सड्यावर आधीपासून राहणाऱ्या बेडकांच्या दृष्टीने आपण म्हणजे तोआमासिनाला आलेला कंटेनरच. शिवाय ज्याची जागाच एवढीशी आहे, त्याच्यातले प्राणी काढून मरतात की जगतात ते पाहणे हा हिशेब परवडणारा नाही. आंबोलीच्या रस्त्यावर पावसाळी रात्री वाहनांखाली जे मरतात, तेवढे नुकसान पुरेसे आहे.

मेले तर हवामान, हा निष्कर्षही घाईचा ठरेल. किनारपट्टी यांनी सांगितलेली शेजारीण तिथेही असू शकते.

अंगणवाली

मी डिंबके बादलीतून खाणीत सोडली, त्याचे आता दडपण आले आहे.

भूचर

ताई, हौद आणि खाण एकाच वस्तीत असतील तर काळजी नसावी. ते टोड एरवीही चालत गेलेच असते.

सडावेडा

सर्वांचे आभार. वाचता वाचता माझा प्रश्न थोडा बदलला आहे. अंगणातल्या टोडचे कोडे आता मला फारसे उरलेले नाही; शरीर, अंड्यांची संख्या आणि माणसाची सोबत यांनी ते बरेचसे सुटते. आंबोलीच्या टोडच्या बाबतीत मात्र दोन शक्यता अजून समोरासमोर उभ्या आहेत. सह्यकडा म्हणतात त्याप्रमाणे तो मोठ्या क्षेत्राचा उरलेला तुकडा असेल, किंवा पाषाणभेद म्हणतात त्याप्रमाणे पहिल्यापासूनच बेटावर अडकलेला असेल. टोड न हलवता यातले काय खरे, ते ठरवता येईल का?

सह्यकडा

काही प्रमाणात येईल. एके काळी मोठी असलेली आणि नंतर आक्रसलेली प्रजाती आपल्या जनुकांत त्या आक्रसण्याच्या खुणा बाळगते, आणि त्यासाठी टोडच्या बोटाच्या टोकाचा किंवा डिंबकाच्या शेपटीचा नमुना पुरतो. कोयना आणि आंबोलीचे समूह किती काळापूर्वी वेगळे झाले, याचा अंदाजही त्यावरूनच बांधतात. ते वेगळे होणे फार जुने निघाले, तर मधल्या खोऱ्यांतली शेती आणि वस्ती त्याला जबाबदार धरता येणार नाही. मग कोरड्या पडलेल्या एखाद्या प्राचीन कालखंडाकडे पाहावे लागेल.

पाषाणभेद

त्याच्या जोडीला एक कमी खर्चाचे काम आहे. जून-जुलैत आंबोलीच्या आणि टोड नसलेल्या चोर्ला किंवा मसाईसारख्या सड्यांवर डबक्यांची खोली आणि पाणी टिकण्याचे दिवस मोजावेत. दोन्हीकडचे आकडे सारखे निघाले, तर ‘इथे डबकेच टिकत नाही’ हे स्पष्टीकरण बाद होईल आणि अंतर किंवा शेजारी यांच्यावर संशय घ्यावा लागेल. मोजपट्टी आणि छत्री यांपलीकडे यासाठी काहीही लागत नाही.

शंकासुर

आणि सड्यावर टोड दिसला नाही, तर तीही नोंद करा. किती वाजता गेलात, पाऊस होता का, किती वेळ शोधले, हे सगळे लिहा. आपल्याकडच्या नोंदी फक्त ‘दिसला’च्या आहेत. ‘शोधला आणि दिसला नाही’ असे कोणी लिहीतच नाही, त्यामुळे नकाशावरची रिकामी जागा टोडची अनुपस्थिती दाखवते की माणसांची, हे कळत नाही. आंबोलीला जाणारे पुष्कळ आहेत. मसाईवर जूनच्या रात्री अकरा वाजता विजेरी घेऊन किती जण गेले असतील?

मृगाचा_पाऊस

पन्हाळ्याला बहिणीचे घर आहे. पहिल्या पावसानंतर मसाईवर जाण्याची जबाबदारी मी घेतो. कोयनेच्या आणि आंबोलीच्या टोडमधला फरक विजेरीच्या उजेडात कसा ओळखायचा, ते मात्र कोणीतरी छायाचित्रांसह इथे लिहावे.

भूचर

छायाचित्रे आज रात्री टाकतो. तोवर एवढे लक्षात ठेवा की, दगड उचलून पाहिला तर तो होता तसाच परत ठेवायचा, आणि घरून निघण्यापूर्वी बुटांच्या तळांना लागलेली जुनी माती धुऊन, बूट वाळवून न्यायचे.